खिरापतीची जाहिरात

बाळकृष्ण पोतनीसांना पैसे फेकून मजा विकत घेणाऱ्यांची किळस होती आणि फुकटच्या मजेवर तुटून पडणाऱ्यांची त्याहून जास्त. या दोन्हींच्या मधली जी साधी माणसं, त्यांच्यासाठी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी खर्ची घातली. अशी माणसं शहरात नक्की किती उरली आहेत, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही.

घर मल्हारगंजात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत. पणजोबा होळकर दरबारी दप्तर सांभाळायचे. दरबार गेला, दप्तर गेलं, आडनाव राहिलं. बाळकृष्ण स्वतः एका सहकारी बँकेत छत्तीस वर्षं काउंटरमागे बसले आणि तिथेच त्यांना माणसांचा पहिला उबग आला. तरी घरी बसवेना, म्हणून नातीला घेऊन ते शहर पालथं घालू लागले.

त्याला निमित्त झालं ते एका मॉलचं. मुलगा-सून दोघंही ऑफिसात, सुट्टीच्या दिवशी पूर्वाला कुठे न्यायचं म्हणून आजोबा तिला मॉलमधल्या खेळघरात घेऊन गेले. आत शिरायचे पैसे, मग पायमोजे हवेत म्हणून पायमोज्यांचे पैसे, आजोबा नुसते बाकावर बसणार तर त्या बसण्याचेही पैसे. समोर प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद. त्यात रोज शेकडो पोरं लोळतात, शिंकतात आणि आणखी काय काय करतात कोण जाणे. पूर्वा त्यात गळ्यापर्यंत बुडलेली पाहून पोतनीसांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. घरी येऊन त्यांनी तिला दोनदा आंघोळ करायला लावली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. इंदूर शहरात आणि आसपास घरच्यांना घेऊन जाण्यासारखं, खिशाला परवडणारं जे जे असेल, ते पोतनीस शोधणार आणि ग्रुपवर टाकणार. शोधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. महूला फौजेचा बँड लोकांसाठी केव्हा वाजतो, सिमरोलच्या कॉलेजात पोरं आपली यंत्रं केव्हा मांडून दाखवतात, गुलाबांचं प्रदर्शन कोणत्या बागेत, गोष्टी सांगणारी बाई कोणत्या वाचनालयात, सगळं त्यांना आधी कळायचं. स्वतः जाऊन, पाहून, मगच ते लिहायचे. पाणी मिळतं का, सावली आहे का, म्हाताऱ्यांना बसायला जागा आहे का, हेसुद्धा.

ग्रुप वाढला. एकाचे तीन झाले. आणि मग एक गोष्ट वारंवार घडू लागली. सिमरोलला पहिल्या वर्षी पोरांनी प्रेमाने चहा पाजला. दुसऱ्या वर्षी पोतनीसांच्या ग्रुपातली कुटुंबंच्या कुटुंबं जाऊन चहाच्या टेबलाभोवती उभी राहिली, यंत्रांकडे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या वर्षी तिकीट लागलं. गुलाबांच्या प्रदर्शनात लोकांनी फुलं खुडून बायकांच्या केसांत माळली. वाचनालयातल्या गोष्टीवाल्या बाईंनी येणंच बंद केलं, कारण आया पोरांना त्यांच्या स्वाधीन करून बाजारात जाऊ लागल्या. दर वेळी पोतनीस कपाळावर हात मारून म्हणायचे, "लोकांना लायकीच नाही." आणि पुढची जागा शोधायला निघायचे. आपणच बोट दाखवतो तिकडे ही धाड जाते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. शिसारी आलेल्या माणसाला बहुधा आपला स्वतःचा वास येत नाही.

त्यांची बायको यशोधरा या भानगडीत कधी पडली नाही. तिचं एकच होतं. दर नवरात्रात मराठी समाजाच्या हॉलमध्ये ती भोंडला करायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. पाटावर तांदळाचा हत्ती, भोवती फेर धरलेल्या पोरीबाळी, गाणी, आणि शेवटी खिरापत. ही खिरापत झाकणाच्या डब्यात, आणि ती काय आहे हे कुणाला सांगायचं नाही. पोरी डबा हलवणार, कान लावणार, गोड का तिखट विचारणार, नाही ओळखता आली तर "हरलो" म्हणणार, तेव्हा झाकण उघडणार. यशोधरेच्या डब्यापुढे भल्याभल्या हरल्या होत्या. घरातही ती कुणाला सांगायची नाही. पोतनीसांना मात्र स्वयंपाकघरातल्या वासावरून दर वेळी कळायचं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या एका बाबतीत माणूस पक्का होता.

यंदा नवरात्राच्या आधी हॉलचे सेक्रेटरी उदयसिंह शितोळे घरी आले. शितोळ्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. उदयसिंहांचं टाइल्सचं दुकान होतं.

"असं आहे पोतनीस साहब," चहा संपवून ते म्हणाले, "गेल्या साली भोंडल्याला सात पोरी. सात. तिकडे झुंबावाल्या बायका रोज चाळीस येतात, और टाइम पे पैसे देतात. हॉल किती दिवस खाली ठेवणार, भिया? या साली पब्लिक दिसली तर ठीक. नाही तर पुढच्या नवरात्रात संध्याकाळ त्यांना देऊन टाकू. मी नाही, कमिटी बोलून राहिली."

यशोधरा दारात उभी होती. ती कप उचलून आत गेली. पूर्वा मात्र रडायला लागली, कारण यंदा पहिल्यांदा हत्ती ती काढणार होती. महिनाभर वहीच्या मागच्या पानांवर सोंडा गिरवत होती.

पोतनीसांच्या डोक्यात तिडीक गेली. झुंबा. म्हणजे चाळीस बायकांनी आरशासमोर घाम गाळायचा, त्यासाठी हत्तीने जागा खाली करायची. ते म्हणाले, "पब्लिक पाहिजे ना यांना? दाखवतो पब्लिक."

पहिल्या शनिवारचा भोंडला. सकाळपासून घरात वास सुटलेला, कणसं किसल्याचा, मग राई-हिंगाच्या फोडणीचा, मग खोबरं-साखरेचा. पोतनीस ओसरीवर मोबाइल घेऊन बसले आणि तिन्ही ग्रुपांवर त्यांनी लिहिलं: मराठी परंपरेचा भोंडला, सहकुटुंब या, प्रवेश मोफत. वाचून पाहिलं तर कोरडं वाटलं. आजकालच्या आयांना खिरापत म्हणजे काय ते कुठे ठाऊक, म्हणून त्यांनी पुढे लिहिलं, खिरापत म्हणजे नाश्ता. तरी समाधान होईना. इंदूरच्या माणसाला नुसतं नाश्ता म्हणून भागत नाही, काय आहे ते विचारतो. तेव्हा त्यांनी तेही लिहून टाकलं: घरचा भुट्ट्याचा कीस आणि खोबऱ्याच्या वड्या. आणि बोट दाबलं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. कॉलनी-कॉलनीतून लोक आले होते, अर्ध्यांना भोंडला हा शब्दसुद्धा उच्चारता येत नव्हता. पुरुष आले, पुरुषांचे मित्र आले. पोतनीस दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पहिली दहा मिनिटं छाती फुगली. मग समोरून एक बाई आली, झाकणाचा रिकामा डबा घेऊन.

"अंकल, कीस कुठे मिळून राहिलाय?"

"आधी गाणी होतील," पोतनीस म्हणाले.

"कितना टाइम लगेगा?"

तिच्या मागच्या गृहस्थाच्या शर्टाच्या खिशात शेवेची पुडी होती. कागदाच्या चिटुकल्या घडीत वरून भुरभुरायला जीरावन मसालाही घरून आणला होता, कारण काय सांगावं, भोंडलावाल्यांकडे असेल न असेल. ते पाहून पोतनीसांच्या तोंडाची चव गेली.

आत पूर्वाने हत्ती काढला होता. सोंड थोडी जाड, पण हत्ती होता. पोरींनी फेर धरला, पण फेराला जागाच उरेना. ज्यांना गाणी येत होती त्यांचा आवाज पोचत नव्हता, आणि ज्यांचा पोचत होता ते कीस कधी म्हणून विचारत होते. दुसऱ्या गाण्याला कुणीतरी बाबागाडी मधून काढली आणि हत्तीचे मागचे पाय गेले. पूर्वा खाली बसून तांदूळ गोळा करू लागली, तिच्या बोटांवर एकाचा बूट पडला.

तिसरं गाणं अर्ध्यात सोडून यशोधरेने डबा आणला. नेहमीसारखा दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "ओळखा पाहू, काय आहे?"

शेजारची कस्तुरी पुढे झाली आणि तिने डब्याला कान लावला. तेवढ्यात मागून एक माणूस मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "भुट्टे का कीस. साथ में खोपरे की बर्फी. लिहिलंय ना इथे." मग पाच-पन्नास लोकांनी तेच म्हटलं, आपापले मोबाइल काढून, आणि हसले. खेळ जिंकल्याचा त्यांना खरंच आनंद झाला होता.

यशोधरेने दाराकडे पाहिलं. पोतनीसांनी मान फिरवली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. डबा तिच्या हातातून गेला, मोठं पातेलंही मागच्या खोलीतून ओढून आणलं गेलं. लोकांनी ताटल्या भरल्या, डबे भरले, एकाने तर प्लास्टिकच्या पिशवीत कीस भरला. पोरींना काही उरलं नाही. हत्तीच्या पाठीवर लिंबाच्या फोडी पडल्या. आणि जाताना याच लोकांनी ओला कचरा ओल्या डब्यात, सुका सुक्यात, असा नीट वेगळा करून टाकला, कारण शहर स्वच्छ ठेवलंच पाहिजे.

उदयसिंह मात्र खूश. "मान गए, साहब. पुढच्या साली पास काढू, दोन-चार स्टॉल, थोडा गरबा, एकदम हिट."

"हॉल झुंबाला द्या," पोतनीस म्हणाले आणि निघाले. रस्ताभर ते बोलत होते. लोक हावरट आहेत, भुक्कड आहेत, यांना परंपरा काय कळणार. यशोधरा रिकामा डबा कुशीत धरून चालत होती. पूर्वा दुखरी बोटं तोंडात घालून तिच्या पदराला धरून होती.

त्यानंतर घरात पुन्हा खिरापतीचा वास आला नाही. पोतनीस धरून चालले की यंदाचा भोंडला संपला. लोकांना शिव्या घालण्यात त्यांचं नवरात्र बरं चाललं होतं. अष्टमीच्या सकाळी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर तो डबा धुऊन पालथा घातलेला, अजून ओला. शेजारी पूर्वा बसून दूध पीत होती. तिच्या नखांत तांदळाची कणी होती.

"कुठे गेला होता हा डबा?"

"भोंडल्याला. मागच्या गल्लीतल्या शारदामावशीच्या गच्चीवर. रोज असतो ना, आबा. आम्ही सात जणी. हत्ती मीच काढते."

पोतनीसांनी डबा उचलून नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास.

"खिरापत काय होती?"

"ओळखा पाहू."

त्यांनी विचार केला. "चिवडा?"

"नाही."

"साटोऱ्या. शेंगदाण्याचे लाडू. उपमा."

"नाही, नाही, नाही. हरलो म्हणा, मग सांगते."

बाळकृष्ण पोतनीस हे जन्मात यशोधरेच्या खिरापतीला हरले नव्हते. त्यांनी डबा पुन्हा एकदा नाकाशी नेला.

"हरलो," ते म्हणाले.

पूर्वाने तोंड उघडलं, तेवढ्यात यशोधरा देवघरातून आली. तिने त्यांच्या हातातून डबा घेतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि झाकण लावलं.

"आबांना नको सांगूस, बाळा," ती म्हणाली. "आजची खिरापतही शारदाच्याच घरी करायचीय."