हात म्हणजे नेमकं कुठे?

कुठल्याही प्राण्याने माणसाला कुठेही चावावं, माझ्या साडूंकडे त्याचा आकडा तयार असतो. माणूस विव्हळत असतो आणि हे तोंडातल्या तोंडात "डब्ल्यू चोपन्न" म्हणत असतात. डब्ल्यू चोपन्न म्हणजे कुत्रा. उंदीर चावला तर त्रेपन्न, आणि माणूसच माणसाला चावला तर पन्नास. "माणसाचा नंबर कुत्र्याच्या आधी लागतो," हे ते मोठ्या समाधानाने सांगतात. ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचून प्रत्येक दुखण्याला आकडा लावायचा, ही त्यांची नोकरी. हिला कोडिंग म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आमच्या मंडळातले निम्मे पुणेकर आयटीत. त्यातल्या एकाने साडूंना विचारलं, "तुम्ही कुठल्या लँग्वेजमध्ये कोडिंग करता?" साडू म्हणाले, "कोपराच्या वर वेगळं, कोपराच्या खाली वेगळं." तो बिचारा प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

मनुरेवातल्या त्यांच्या घरात 'कुठेतरी' हा शब्द शिवीपेक्षा वाईट. मेव्हणी एकदा "कमरेत कुठेतरी लचक भरली हो" म्हणाली, तर हे तेलाची बाटली हातात धरून उभे. "डावीकडे की उजवीकडे? मणक्याजवळ की लांब? कुठेतरी नावाचा अवयव देवाने केलेला नाही." उत्तर मिळेपर्यंत बूच उघडलं नाही. आमच्या हिल्सबरोच्या घरी बार्बेक्यू होतं तेव्हा नवी रबरी जँडल चावली म्हणून मी कुरकुरत होतो. यांनी जँडल काढायला लावली, उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "दात नाहीत. हिला चाव्यात घेता येत नाही."

"अहो साडूभाऊ, मराठीत चप्पलसुद्धा चावते!"

"म्हणूनच मराठी माणसाचा कागद जपून लिहावा लागतो," ते म्हणाले. आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात जास्त मीच हसलो, आणि त्याची मला पुढे लाज वाटली.

गेल्या वर्षी माझी आत्या साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. वय पंच्याहत्तर, पण कॅरमला बसली की वाघीण. साताऱ्यात एकटीच राहते. रोज संध्याकाळी तिच्याकडे बोर्ड मांडला जातो, चार बायका जमतात, तोच तिचा संसार. येताना बॅगेत लोणचं नव्हतं, स्वतःचा स्ट्रायकर होता. "लोणचं एअरपोर्टवर काढून घेतात म्हणे. स्ट्रायकर कोण घेतोय!" तर ही आत्या तिसऱ्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कुंपणावरून पोळी भरवायला गेली. पोळी काय असते हे न कळल्याने त्याने जे तोंडाला लागलं ते धरलं. बायको तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेली. गाडी लावून येईपर्यंत आमच्या बारा वर्षांच्या इराने आजीला विचारून फॉर्म भरला. नर्सने जखम धुतली, पट्टी बांधली, महिन्याभरात जखम भरलीसुद्धा.

पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर राहिली. आत्या स्ट्रायकर मारायची आणि तो भलतीकडेच जायचा. चार दिवस तिने दात-ओठ खाऊन प्रयत्न केला, मग पावडरचा डबा बंद केला आणि बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. "म्हातारपण, दुसरं काय!" म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून तज्ज्ञांना कागद पाठवला, तोही परत आला. सोबत पत्र: हँडवरची जखम वरवरची होती, भरली आहे, बधिरपणा बहुधा वयाचा.

रविवारी साडू आले. मी ते पत्र नुसतं मन मोकळं करायला म्हणून दाखवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "आत्या, बाही वर करा."

आत्याने बाही सारली. वण मनगटाच्या चांगला चार बोटं वर होता. माझ्या साडूंनी आयुष्यात हजारो चावे वाचले होते, समोर एकही पाहिला नव्हता. ते जवळ सरकून खाली वाकले. मग त्यांनी वणावर अगदी हलक्या हाताने बोट ठेवलं. "इरा, फॉर्मवर काय लिहिलं होतंस?"

"डॉग बिट हर हँड," इरा म्हणाली. "आजी हातच म्हणाली होती! हात मीन्स हँड, राइट?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

साडू तिच्यासमोर जमिनीवर बसले. "तुझी चूक नाही गं बाळा. इंग्रजी हँड मनगटापासून सुरू होतो. आपला मराठी हात खांद्यापासून सुरू होतो." आणि मग एकदम उठून ओरडले, "अहो, हा पंजाचा एस एकसष्ट नाहीच! कोपराखालचा एस एक्कावन्न आहे, एक्कावन्न! बोटांची शीर इथूनच जाते, दात तिलाच लागलाय. आणि फॉर्मवरचं उतरवत सगळे बसलेत पंजा धरून!"

मी म्हटलं, "मग उद्या हॉस्पिटलात तिची फाइल उघडून बघा ना." ते माझ्यावर असे उखडले की पुसू नका. दुसऱ्याच्या दुखण्यात चोरून डोकावायचं नसतं, कागद सरळ वाटेनेच दुरुस्त होतो. मग बायकोची शिवणकामाची टेप आली. साडूंनी मोजायचं, इराने लिहायचं: उजवा हात, कोपराच्या खाली, तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून आठ सेंटिमीटर वर. खाली चित्र. सोमवारी रजा टाकून ते आत्याला घेऊन डॉक्टरांपुढे बसले. डॉक्टरांनी वण पाहिला, चित्र पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथे नवा कागद धाडला. पंधरवड्यात बोलावणं आलं, छोटं ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने बोटांचे व्यायाम. आत्याचा मुक्काम वाढला. ती साडूंना 'चावरे मास्तर' म्हणू लागली, आणि ते दर रविवारी मनुरेवाहून व्यायामाची हजेरी घ्यायला येऊ लागले.

आणि मग एका रविवारी आत्याने आपणहून बोर्ड मांडला. पावडर भुरभुरली. समोर मास्तर. पहिली सोंगटी गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या फटक्याला आत्याने राणी घेतली, लगेच कव्हरही केलं. काय सांगू! इरा सोफ्यावर चढून नाचत होती, बायको पदराने डोळे पुसत होती, मी शिट्टी वाजवली. आणि साडू, जे धडाधड हरत होते, ते दर सोंगटीला मुठी वर करून गर्जत होते, "एस एक्कावन्न! एस एक्कावन्न!" त्या दिवशी आत्याने आम्हा सगळ्यांना ओळीने हरवलं आणि एकाचीही गय केली नाही.

परवा तिला पोचवायला एअरपोर्टवर गेलो. आत्याने साडूंची मूठ उघडून तिच्यात आपला स्ट्रायकर ठेवला. "येते हं मास्तर. सराव ठेवा, फार वाईट खेळता." ती आत गेली तरी साडू तिथेच उभे.

"काय हो साडूभाऊ, काही दुखतंय का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. स्ट्रायकर धरलेला हात छातीवरून एकदा फिरवला, मग पोटापर्यंत नेला, परत वर आणला.

"हो," ते म्हणाले. "इथेच… कुठेतरी."

मी डावीकडे की उजवीकडे ते विचारलं नाही.