ग्लुकोजचं पाणी कोण प्यालं

"दोन तास? शक्यच नाही, मॅडम," शीतल म्हणाली. "साडेदहाला माझी रिपीटर बॅच आहे. मी हे पाणी पिते, समोर जाऊन लेक्चर घेते आणि बरोबर वेळेवर तुमच्यापुढे हात करते."

लातूरच्या ज्या रस्त्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब होती, तिथे त्या वर्षांत दर दोन पाट्यांआड एका पाटीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो असत. शीतल त्यातल्याच एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. वय चोवीस, पहिलं गरोदरपण, सहावा महिना. अंगाने भरलेली. मानेच्या मागे काळसर, जाडसर पट्टा. लोक तो घासून काढायला बघतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं नीट चालत नसलं की अशी कातडी होते. तिच्या डॉक्टरांनी तो बघूनच ग्लुकोजची टेस्ट लिहून दिली होती.

सोबत तिची आई होती, शेषाबाई. औशाच्या पुढच्या गावाहून पहिल्या एसटीने आलेली.

मी टेक्निशियन. डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगते, कारण तरुणपणी मी हे सांगायला विसरत असे. टेस्ट सोपी आहे. आधी रक्त घ्यायचं. मग पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजायचं. दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात शरीराने ती साखर कशी हाताळली, ते कळतं. फक्त त्या दोन तासांत बाईने एका जागी बसायचं.

"चाललीस, उभं राहून शिकवलंस, तर तुझे स्नायू साखर खाऊन टाकतील आणि मशीन मला खोटं सांगेल," मी म्हणाले.

"मॅडम, हे मी शिकवते."

"मग बैस की."

तिने घड्याळ पाहिलं. तेवढ्यात शेषाबाई बाकावरून बोलल्या, "बस गं माय. आन आख्खं पी. मी अर्धंच पेले हुते तुझ्या वक्ताला. तरी रिपोट चांगला आला."

मी ग्लुकोज ढवळत होते. चमचा थांबला.

"कुठे केली होती टेस्ट?" मी विचारलं.

"गावातच की. भूकंपात. पत्र्याच्या शेडात ऱ्हात हुतो तवा. नांदेडहून डॉक्टर लोक आले हुते. त्यात एक पोरगी हुती पांढऱ्या कोटातली, लई नखरेल. तिनं गिलास हातात दिला आन गेली निघून."

मी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

ती नखरेल पोरगी मी होते.

आता त्या पोरीबद्दल थोडं सांगावं लागेल. नांदेडला डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून दोनच वर्षं झाली होती. भूकंपानंतर आमच्या लॅबचे सर पथक घेऊन निघाले, तेव्हा मी दोन ॲप्रन कडक इस्त्री करून घेतले. माणसं ढिगाऱ्याखालून आपली भांडी शोधत होती आणि मी धुळीपासून ॲप्रन वाचवत फिरत होते. गळ्यात सरांचा जुना स्टेथोस्कोप. त्यातून काय ऐकायचं असतं, हे मला आजही नीट येत नाही.

शेडमध्ये आम्ही गरोदर बायांची लघवी तपासत होतो. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर. शेषाबाईंची नळी पिवळी झाली. त्यांचं आधीचं बाळ फार मोठं होतं आणि जन्मतानाच गेलं होतं. सरांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. "विमल, हिला ग्लुकोज पाजून बघ. रक्त बर्फात ठेवून लातूरला न्यायचं. आणि पाणी समोर बसून पाजायचं, कळलं?"

मी पहिलं रक्त घेतलं, ग्लास त्यांच्या हातात दिला, आणि तेवढ्यात मुंबईच्या पेपरचा फोटोग्राफर आल्याचं कळलं. मी गेले. केस नीट केले, स्टेथोस्कोप दिसेल असा घेतला, एका आजीच्या हातावर हात ठेवला आणि चेहरा जमेल तेवढा दुःखी केला. परत आले तर ग्लास रिकामा होता. तळ कोरडा. मला बरंच वाटलं.

"समोर पाजलंस ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"पूर्ण?"

"हो सर."

रिपोर्ट नॉर्मल आला. गरोदरपणात काही बायकांच्या लघवीत थोडी साखर अशीही दिसते, तसंच असेल म्हणून सरांनी विषय मिटवला. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. पेपरात फोटोही आला. त्यात माझं फक्त कोपर आलं होतं. माझ्या आईने त्या कोपराचं कात्रण कितीतरी वर्षं जपून ठेवलं.

"बाकीचं अर्धं काय केलंत?" मी शेषाबाईंना विचारलं.

"आत्याबाईला पाजलं. माझ्या सासूला. भूकंपात त्यांचा धाकटा ल्योक गेला, घरात दबून. तवापसून बोलायच्या न्हाईत. अन्नाकडं बघायच्या न्हाईत. मला वाटलं, ह्ये ग्लुकोज हाय, सलाईनमधी घालत्यात त्येच. ताकदीचं. मी धट्टीकट्टी बाई, मला काय करायचंय आख्खं? त्यांच्या तोंडाला लावलं. पेल्या. आन म्हणल्या, 'गोड हाय.'" शेषाबाईंनी पदराने ओठ पुसले. "पंधरा दिसात तेवढंच बोलल्या."

मी ग्लास शीतलसमोर ठेवला. ती प्यायली नाही. आईकडे बघत होती.

"आई, मी किती किलोची होते म्हणालीस?"

"साडेचार. काटा धरणारी सुईण म्हणली, ह्ये तर सहा म्हैन्याचं लेकरू."

शीतलने मग वर्गात सांगावं तसं आईला सांगायला सुरुवात केली. "आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आलेली साखर चरबी करून साठवतं. म्हणून बाळ मोठं होतं. अशा बाळांना पुढे वजन वाढण्याची, कमी वयात डायबेटीस होण्याची शक्यता..."

इथे ती थांबली. दरवर्षी तीन-तीनशे पोरांना पाठ करून घेतलेलं वाक्य होतं ते. तिचा हात मानेमागे गेला.

"म्हंजे माझ्यामुळं झालं का ओ ह्ये?" शेषाबाईंनी मला विचारलं.

मला गप्प बसता आलं असतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. केस पांढरे, अंगावर साधा कॉटनचा कोट, नाकावर चष्मा. नखऱ्याचं नावही उरलं नव्हतं. मी फक्त "तसं काही नसतं, बाई" म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. तेही खोटं ठरलं नसतं. एका ग्लासाने कोणाचा जन्म ठरत नाही. घराण्यातली साखर असते, हॉस्टेलच्या मेसचं जेवण असतं, पोरी चार-चार वर्षं खुर्चीतून न उठता अभ्यास करतात, तेही असतं. पण तेव्हा टेस्ट नीट झाली असती, तर शेषाबाईंना पथ्य सांगता आलं असतं. मदतीच्या ट्रकातली बिस्किटं त्यांनी पोटभर खाल्ली नसती. आणि पोरीवर लहानपणापासून कोणीतरी लक्ष ठेवलं असतं.

"तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले. "ती कोटातली पोरगी मीच. मला समोर बसायला सांगितलं होतं. मी फोटो काढून घ्यायला गेले होते. आणि सरांना सांगितलं की बसले होते."

शेषाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लई जाड झाली गं तू," त्या म्हणाल्या.

हसू कोणालाच आलं नाही. शीतल माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, आता ही पर्स उचलून जाईल. जायला हरकत नव्हती, समोरच दुसरी लॅब होती. तिने फोन लावला. "सर, साडेदहाची बॅच दुसऱ्या कोणाला द्या. नाही, येत नाही. उद्याचंही उद्या सांगते." पलीकडून आवाज चढलेला मलाही ऐकू आला. तिने फोन पालथा ठेवला आणि ग्लास उचलला.

मी तिच्यासमोर स्टूल ओढलं. ती घोट घेत होती आणि मी बघत होते, दोघींनाही अवघडल्यासारखं होत होतं. अर्ध्यावर तिला मळमळलं. शेषाबाईंनी पाठीवर हात ठेवला. ती थांबली, श्वास घेतला, उरलेलं संपवलं. मग आम्ही तिघी दोन तास बसलो. शेषाबाईंनी मधे एकदा सांगितलं की आत्याबाई पुढे आठ वर्षं जगल्या आणि शीतलला त्यांनीच सांभाळलं.

साखर जास्त आली. बरीच. डॉक्टरांनी जेवण ठरवून दिलं, जेवणानंतर चालणं, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा इन्सुलिन. पोटात सुई टोचून घ्यायला ती घाबरली, रडली, मग शिकली. क्लासवाल्यांनी तिच्या बॅचेस कमी केल्या, तिने करू दिल्या. दर आठवड्याला बोटाचं रक्त द्यायला ती माझ्याकडेच यायची. मला ओरडली नाही, माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. हात पुढे करायची.

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तिची साखर पाहिली, व्यवस्थित होती. शेषाबाईंना ती फार किरकोळ वाटली. "मेंदूच असंल समदा," असं त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं.

शीतलची साखर मात्र बाळंतपणानंतर गेली नाही. बऱ्याच जणींची जाते, तिची राहिली. सहा आठवड्यांनी तो रिपोर्ट मीच काढला, दोनदा मशीन लावून. तेव्हापासून तिला गोळ्या चालू आहेत.

मी आता रिटायर झाले. नवीन पोरी कधी कधी घरी येतात, काहीतरी शिकवा म्हणतात. मशीनचं मला काही येत नाही, ती दर वर्षी बदलतात. एवढंच सांगते की रिपोर्टच्या तळाशी 'रिमार्क' म्हणून एक ओळ असते. "रुग्ण पाणी पूर्ण प्यायला का, मी पाहिलेलं नाही," हे त्या ओळीत आरामात बसतं. मी मोजून पाहिलंय.