तेरावं अक्षर

महाळुंगे पडवळच्या रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे तीनशे चाळीस ट्रे तयार होते. बावीस दिवसांची रोपं, सगळी सारखीच हिरवी. कोणत्या ट्रेत कोणती जात आणि तो ट्रे कुणाचा, हे फक्त प्रतीक्षाच्या प्रोग्रॅमला ठाऊक. ट्रेवर नुसते आकडे. पूर्वी वही असायची. ती तिनंच बंद करायला लावली होती.

आणि सकाळपासून प्रोग्रॅम उघडत नव्हता.

प्रतीक्षा विहिरी खोदणाऱ्या हनुमंतची मुलगी. एस.टी.नं आळेफाट्याला क्लासला जाऊन संगणक शिकली, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मग गावात येऊन रोपवाटिकांची कामं घेऊ लागली. बाप रोज संध्याकाळी विहिरीत टेप सोडून खोली मोजायचा. 'झालं असेल' हे त्याला चालत नसे. तिलाही नाही.

काल नवा संगणक आला. त्यात तिनं दोन कंटेनर बसवले, म्हणजे संगणकातल्याच दोन बंद खोल्या. एकीत ट्रेची यादी, दुसरीत ती यादी मागून चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम. दोन्हींचा पासवर्ड एकाच फाइलमधून वाचला जाणार. फाइल एक, पासवर्ड एक. तरी यादीची खोली प्रोग्रॅमला सांगत होती, पासवर्ड चुकीचा आहे.

तिनं फाइल उघडली. पासवर्ड अक्षर न अक्षर बरोबर. फाइलची जागा तपासली, वाचायची परवानगी तपासली. शेवटी पासवर्डच बदलला. तासाभरानं ध्यानात आलं, की यादीची खोली पहिल्यांदा सुरू होताना घेतलेला पासवर्डच धरून बसते. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा. हे तिला माहीत होतं. माहीत असून तास घालवला. दात खात तिनं जुनी फाइल होती तशी परत ठेवली.

दादाभाऊ पिकअप घेऊन दारात उभा होता. त्याचे साठ ट्रे होते.

"ताई, बाया वावरात बसल्यात. मल्चिंगच्या कागदाला भोकं पाडून झाली. आज नाय लागली तर त्या उद्या दुसरीकडं जाणार."

"दोन मिनिटं, भाऊ."

"दोन मिनिटं तुमी नऊ वाजता म्हणला व्हता."

ऑफिसातले सुभाषकाका म्हणाले, "अंदाजानं देऊ का? सगळी टमाटीच हायती."

"काका, चुकलं तर दोन महिन्यांनी फळ धरल्यावर कळंल. मग उपटून टाकणार का? अंदाजानं नाय."

ती पुन्हा बसली. फाइल डोळ्यांनी दहा वेळा पाहिली होती. मोजली एकदाही नव्हती. तिनं संगणकाला मोजायला लावली. पासवर्ड बारा अक्षरांचा. उत्तर आलं तेरा.

"काका, काल ही फाइल तुमी लिहिली ना?"

"तुमी घरी गेल्यावर फोनवर सांगितली तशी. एकेक अक्षर."

"आणि शेवटी?"

"शेवटी एंटर."

"एंटर मी सांगितला व्हता?"

"ते सांगायला कशाला लागतं? वीस वरसं बाजारात वजनकाट्यावर व्हतो. एंटर मारल्याबिगर नोंदच व्हत नाय."

तेरावं अक्षर ते होतं. एंटर पडद्यावर दिसत नाही, पण फाइलमध्ये राहतो. यादीची खोली वाचताना तो गाळून टाकत होती. प्रोग्रॅम त्याच्यासकट पासवर्ड पाठवत होता. आणि प्रोग्रॅम प्रतीक्षानं लिहिला होता. गाळायचं काम तिचं होतं.

तिनं एंटर पुसला, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. यादी आली.

"एका एंटरपायी सकाळ गेली का, राव?" दादाभाऊ म्हणाला.

चिठ्ठ्या छापून प्रतीक्षानं काकांकडं दिल्या. काका आकडे वाचत गेले, दादाभाऊ ट्रे चढवत गेला. कडेची रोपं उन्हानं मान टाकू लागली होती. त्यानं बाटलीतलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं आणि गाडी काढली.

ती मात्र उठली नाही. फाइल कुणीही, कशीही लिहिली तरी शेवटी आलेले एंटर प्रोग्रॅमनंच गाळावेत, एवढी एक ओळ तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. मग काकांना बोलावून फाइलच्या शेवटी मुद्दाम एंटर मारायला लावला. काकांनी खात्रीसाठी दोनदा मारला.

प्रोग्रॅम उघडला. मग ती जेवायला गेली.