सोड्याची अब्रू

लातूर जिल्हा झालं आणि महादेवप्पांनी आपल्या सोडा फॅक्टरीच्या पाटीवर लगोलग 'जिल्ह्यातला नंबर एक' असं रंगवून घेतलं. विरूपाक्ष त्यांचा विक्रेता. गंजगोलाईपासून चाकूरपर्यंत पानटपऱ्यांवर क्रेट पोचवायचे, रिकाम्या बाटल्या परत आणायच्या आणि मालक म्हणतील त्याला मान डोलवायची, हे त्याचं काम. पाऊस दुसऱ्या सालीही रुसला, विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा त्या बाटल्या एकाच पिंपात आठवडाभर बुचकळल्या जाऊ लागल्या. विरूपाक्षाला ते दिसत होतं. पण पगार सोड्याचा, तोंड कशाला उघडा.

तोंड उघडलं 'तिखटमीठ' साप्ताहिकानं. ते शेषेराव चालवायचे. पूर्वी ते टांग्यात बसून सिनेमाची जाहिरात पुकारत. त्यांची बातमीही तशीच, भोंग्यातून आल्यासारखी. त्यांनी पहिल्या पानावर छापलं : 'नव्या जिल्ह्यात पोहायला पाणी न्हाई, पण महादेवप्पांच्या बाटलीत एक झुरळ रोज सराव करतंय.'

सगळं गाव हसलं. विरूपाक्षही हसला, मात्र फॅक्टरीच्या बाहेर.

"आप्पा, बाटल्या धुवायला एक टँकर वाढवावा म्हणतो," तो चाचरत म्हणाला.

"दुष्काळात टँकर परवडतो व्हय? त्यापेक्षा वकील स्वस्त हाय," महादेवप्पा म्हणाले.

वकिलाची नोटीस गेली. शेषेरावांनी ती जशीच्या तशी विनोदाच्या सदरात छापली आणि खाली पुस्ती जोडली, 'झुरळानं अजून वकील दिलेला न्हाई.' अंक दुपारच्या आत संपला.

मग महादेवप्पा इरेला पेटले. त्यांनी गोलाईत मांडव घातला, बँड लावला. विरूपाक्षानं चारचौघांत सोडा पिऊन दाखवायचा, असं ठरलं. त्याची बायको शिवकांता निघतानाच म्हणाली, "प्यायचं तर प्या, पण येताना ओव्याची पुडी आणा."

शेषेराव पुढच्याच खुर्चीवर बसले होते. विरूपाक्षानं बाटली उन्हात धरली. आत काळं काहीतरी हळूच फिरलं. एकीकडं नोकरी, एकीकडं पोट. त्यानं बाटली दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, महादेवप्पांपुढं केली.

"आप्पा, पहिला मान मालकाचा."

महादेवप्पांनी बाटलीकडं पाहिलं, मग गर्दीकडं. "आज सोमवार," ते म्हणाले. "माझा उपास हाय."

पुढच्या अंकानंतर टपऱ्यांवर लोक 'उपासाचा सोडा' मागू लागले. आता आपली नोकरी गेली, असं विरूपाक्षानं धरलंच होतं. पण त्याला काढलं असतं तर तेही छापून आलं असतं. म्हणून महादेवप्पांनी त्याला 'प्रसिद्धी अधिकारी' केलं आणि वर्षभराची पानभर जाहिरात देऊन 'तिखटमीठ'च्या कचेरीत धाडलं. त्या पैशात किती टँकर आले असते, हे त्यानं विचारलं नाही.

त्या आठवड्यापासून सदरात फक्त तमाशा फडांची भांडणं येऊ लागली. विरूपाक्षानं एकदा न राहवून विचारलं, "शेषेराव, झुरळाचं काय झालं?"

"ते आता आपलं जाहिरातदार हाय," शेषेराव पान जुळवत म्हणाले. "जाहिरातदारावर आम्ही लिहीत न्हाई."

पिंप तेच राहिलं. महिनाभरानं विरूपाक्षानं नोकरी सोडली आणि उदगीरला कापडाच्या दुकानात लागला. नव्या मालकानं कारण विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोटाला मानवत नव्हतं."