अख्खा खोका

मिस्त्रीचा वरचा एक दात उमेदवारीच्या काळात निसटलेल्या पान्याने पाडला. उरलेल्या दातांना मात्र त्याने जन्मभर कामाला जुंपलं. नवी क्लच प्लेट बसवायच्या आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टला थोडंसं ग्रीस लावावं लागतं. हात बरबटलेले असायचे आणि ब्रश वेळेवर कधी सापडायचा नाही. मग हा गडी प्लेटचा खोका तोंडाशी न्यायचा, झाकणाची आत खोचायची पट्टी दाताने टरकावायचा आणि त्या तुकड्यानेच ग्रीस लावायचा. पडलेल्या दाताच्या जागी पुठ्ठा फाटायचा नाही, तिथे एक टोक तेवढं उभं राहायचं.

"मिस्त्री, भूक लागली असेल तर सांगा, खोका कशाला खाता?" गिऱ्हाइकं विचारायची. मिस्त्री हसायचाही नाही. हसण्याच्या बाबतीत माणूस भलताच कंजूष.

कामाला मात्र कुणी नावं ठेवावीत अशी सोय नव्हती. प्लेट हातात तोलून बघायची, रिवेटांवरून नख फिरवायचं, स्प्रिंगा हलवून बघायच्या, आणि प्लेट बदलली की बेअरिंगही बदलायचंच. स्वस्तातला माल काखोटीला मारून येणाऱ्याला तो दारातूनच वाटेला लावायचा. "दुसरीकडे जाऊन बसवून घ्या," म्हणायचा. "माझ्या हातून नको."

रिकामे खोके भंगारवाला न्यायचा. त्याची एकच अट होती, चांगल्या कंपनीचे खोके चेपायचे नाहीत, अख्खे द्यायचे. रद्दीपेक्षा चार पैसे जास्त मिळायचे आणि मिस्त्रीचा चहाचा खर्च सुटायचा. "अख्खे नेऊन काय करतोस रे? घर बांधतोस का?" त्याने एकदा विचारलं होतं. "तुम्हाला काय करायचंय, मिस्त्री?" भंगारवाला म्हणाला. खरंच, काय करायचं होतं? मिस्त्रीने पुन्हा विचारलं नाही.

त्याची धाकटी बहीण टॅक्सी चालवायची. नवरा गेल्यावर गाडी विकून टाक म्हणून सगळे मागे लागले होते, हिने कुणाचं ऐकलं नाही आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसली. तिने परस्पर कुठल्याशा गॅरेजात स्वस्तातली प्लेट टाकून घेतली आणि ती काही महिन्यांत जळाली. चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही.

मिस्त्रीने तिला फैलावर घेतलं. "भाऊ मेला होता का तुझा?"

"तू पैसे घेत नाहीस, दादा. किती दिवस फुकट करून घेऊ?"

"आता गप्प बस. सगळ्यात चांगला क्लच टाकतो."

आणि त्याने नेहमीच्या दुकानातून सगळ्यात महागाचा क्लच आणला. धाकटी डोक्यावर उभी होती, तिला लांबचं भाडं मिळालं होतं. त्या दिवशी मिस्त्रीने प्लेट तोलली नाही, रिवेटांवरून नखही फिरवलं नाही. ओळखीचं दुकान, ओळखीचा खोका. तोंडाशी नेला तर आतली पट्टी आधीच फाटलेली. "उंदरांनीही गॅरेज काढलेलं दिसतंय," असं पुटपुटत त्याने खोका उलटा केला आणि खालच्या झाकणाची पट्टी टरकावली. काम झाल्यावर जळकी प्लेट त्याच खोक्यात घातली. जुना माल मालकाला दाखवायचा, ही त्याची शिस्त. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणत धाकटी गेलीसुद्धा.

महिनाभर गाडी छान चालली. मग एका सकाळी टेकडीच्या रस्त्यावर, ऐन चढावर, गाडीचा जोरच गेला. मागे एक म्हातारं जोडपं बसलेलं. गाडी मागे घसरू नये म्हणून धाकटी चाकाखाली दगड लावायला उतरली, आणि वळणावरून आलेला ट्रक टॅक्सीला घासत गेला. जोडपं वाचलं. धाकटीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. क्लच दाबायचा पाय.

मिस्त्रीने गाडी गॅरेजात ओढून आणली आणि गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचं अस्तर रिवेटांतून सुटून पोपडे पडावेत तसं पडलं होतं. खोका एका कंपनीचा आणि आत कुणाचा कोण जाणे, टाकाऊ माल. त्याचं डोकं भणाणलं. दुकानदाराची गचांडी धरायची, तर हातात पुरावा हवा. त्याने बाकाखालचा खोका ओढला, जळकी प्लेट बाहेर टाकली आणि दोन्ही झाकणं उघडली.

दोन्ही पट्ट्या फाटलेल्या. एक त्याने त्या दिवशी फाडलेली, दुसरी आधीची. दोन्ही कडांवर पुठ्ठ्याचं तेच एक टोक उभं होतं.

मिस्त्रीची जीभ आपोआप पडलेल्या दाताच्या जागी गेली. भंगारवाला अख्खे खोके कशाला नेतो, ते त्याला आता कळलं. असे किती खोके आपण दिले, ते कुणाकुणाच्या गाडीत जाऊन बसले असतील, हे तो बोटांवर मोजू लागला आणि बोटं पुरेनात.

खोका घेऊन तो धाकटीकडे गेला. शेजारीण निघतच होती. "दादाने सगळ्यात चांगला टाकला होता हो," धाकटी तिला सांगत होती. "त्याने काही कमी केलं नाही. माझंच नशीब."

शेजारीण गेल्यावर मिस्त्रीने खोका तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. धाकटीने त्या टोकांवरून बोट फिरवलं.

"भंगारवाल्याला तूच दिलास?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

तिने दोन्ही झाकणं एकेक करून बंद केली. तिने आरडाओरडा केला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

"पोलिसांत जा," ती म्हणाली. "त्या भंगारवाल्याला धर, दुकानदाराला सांग. पण इथे येणाऱ्यांना काही बोलू नकोस. रोज कुणी ना कुणी येतं, कसं झालं म्हणून विचारतं. माझ्या भावाने चांगलाच टाकला होता, एवढं एकच मला मान वर करून सांगता येतं. तेवढं तरी राहू दे."

तेवढ्यात दार वाजलं आणि मावशी आत आली. धाकटीने खोका चादरीखाली सरकवला, जिथे चादर सपाट पडली होती तिथे. मावशीने कसं झालं विचारलं, धाकटीने सगळं पुन्हा सांगितलं, आणि दादाने सगळ्यात चांगला टाकला होता हेही सांगितलं.

"असा भाऊ मिळायला भाग्य लागतं," मावशी म्हणाली आणि मिस्त्रीकडे वळली. "हो ना रे?"

मिस्त्रीने नुसती मान हलवली. त्याला तोंड उघडायचा धीर झाला नाही.