दत्तोबांचं मोडायचं धनुष्य

पिंपळीच्या दत्तोबा सुतारांची बढाई एकच, पण ती उठताबसता ऐकावी लागे. अंगठ्यावरचा करवतीचा जुना वण नाचवत ते सांगत, "माझ्या हातचं लाकूड मोडत न्हाय!" कुऱ्हाडीचा दांडा असो की बाजेचा पाय, दत्तोबांचा म्हटला की माणूस म्हातारा होई, लाकूड नाही. त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "जीभ बी सोताच घडवलीया जणू," त्या म्हणायच्या. "ती बी मोडंना."

अशा माणसाकडं गावच्या मंडळानं रामनवमीच्या नाटकासाठी मोडणारं धनुष्य मागितलं.

त्याला कारण गेल्या वर्षीचं सीतास्वयंवर. बाजारातनं आणलेलं धनुष्य रावणाच्याच हातात मोडलं. रावण झालेला नागेश भिगवणला मासळीचे क्रेट उचलणारा गडी, त्याचा तरी काय दोष? पण हा बाबा स्टेजवरून उतरेना. "पण मी जिकलोय, घाला माळ," म्हणून अडून बसला. राम विंगेत ताटकळला आणि शेवटी जनकानंच पडदा पाडला.

"तात्या, यंदा रावणाला मोडू ने आन् रामाला मोडावं," राम होणाऱ्या अजितनं दत्तोबांपुढं हात जोडले.

"दोन येगयेगळी करू का?"

"न्हाय. सगळ्यांम्होरं एकच पायजे."

दत्तोबांना आधी रागच आला. मोडण्यासाठी घडवायचं, म्हणजे नापास होण्यासाठीच पोराला शाळेत घालायचं! शिवाय मोडलं तर जन्माची बढाई गेली, आणि न मोडलं तर सीता पुन्हा बिनलग्नाची. पण हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं, आणि तिथंच ते फसले.

त्यांनी बोरीची किंचित बाकदार फांदी निवडली, मधोमध ठसठशीत गाठ असलेली. एरवी दत्तोबा गाठीला दुखवत नसत. ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालतं तशा लाकडाच्या रेषा गाठीभोवतून जातात. दत्तोबांची पटाशीही त्याच वळणानं जाई आणि गाठीवर थोडं जादा लाकूड राखी. दिसायला टेंगूळ, पण तिथं तुटायची भीती नाही. यंदा त्यांनी एका अंगाला असं टेंगूळ राखलं आणि दुसऱ्या अंगाला, काळजावर दगड ठेवून, गाठीवरून सरळ रंधा मारला. रेषा कापल्या गेल्या. दोरी चढवायला धनुष्य वाकवताना ताण बसतो तो बाहेरच्या अंगाला. टेंगूळ बाहेर ठेवून ओढलं तर हत्तीलाही मोडणार नव्हतं, आणि फांदीच्या बाकामुळं कुणीही उचललं तरी ते बाहेरच येई. उलटं धरलं, की संपलं.

"टेंगूळ तुझ्या छातीकडं," त्यांनी अजितच्या कानात सांगितलं. "घोकून ठेव."

रामनवमीच्या संध्याकाळी नागेशनं धनुष्याशी अशी झटापट केली की मुकुट गेला, धोतर सुटायला आलं, पण लाकूड हललं नाही. मग राम आला. समोरची गर्दी बघून अजितच्या डोक्यातलं घोकलेलं सगळं उडालं. टेंगूळ बाहेर ठेवून तो ओढतोय, ओढतोय. अजित दूध डेअरीत कामाला, त्यामुळं मागून कुणीतरी ओरडलं, "द्येवा, जरा दूध पिऊन या!"

पहिल्या रांगेतले दत्तोबा कात्रीत सापडले. ओरडून सांगावं तर सगळी लबाडी उघडी. गप्प बसावं तर गेल्या वर्षीचाच तमाशा, आणि तोही त्यांच्या नावावर. ते उठले, तडक स्टेजवर चढले आणि "प्रभू!" म्हणत त्यांनी रामापुढं लोटांगण घातलं. उठताना धनुष्याला भक्तिभावानं हात लावला आणि अलगद फिरवलं.

"आता वढ, गाढवा," ते पुटपुटले.

काडकन आवाज झाला. सीतेनं माळ घातली आणि तात्यांची भक्ती बघून बायाबापड्यांनी डोळ्याला पदर लावला.

"तात्या, तुमच्या हातचं लाकूड मोडलं की वो!" मिशा उतरवताना नागेशनं टोमणा मारला.

"माणसाच्या हातनं मोडलं का? सोताला इचार की. द्येवाचा हात लागला तवा मोडलं."

बढाई नुसती वाचली नाही, वर गाभण झाली.

घरी मात्र दत्तोबा धनुष्याचे दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांना वाईट वाटत होतं. सगळा जन्म सांभाळत आलेली गाठ त्यांनी जाणूनबुजून कापली होती. द्वारकाबाईंनी चहाचा कप पुढं केला.

"द्येवाचा हात म्या बी बघितला," त्या म्हणाल्या. "धनुष्य फिरवत व्हता. अंगठ्याला करवतीचा वण व्हता बगा."

दत्तोबांनी तो हात उपरण्यात लपवला आणि चहा दुसऱ्या हातानं घेतला.