मिरजेहून आणलेला तंबोरा

हसणार नसाल तर सांगतो! बरं, हसा, पण चहा सांडू नका.

निवृत्तीनंतर मी गाणं शिकायला लागलो. पण घरात मला गवई कोण म्हणणार? रियाजाची वेळ झाली की बायको मला गच्चीवर पाठवते आणि दार आतून लावून घेते! तरी हट्टाने मिरजेला जाऊन स्वतःचा तंबोरा घेतला. कारागिराने तो गोधडीत गुंडाळला आणि जादा तारा एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घालून दिल्या. दवाखान्यांच्या मिरजेत असल्या पाकिटांना काय तोटा?

साताऱ्याच्या पॅसेंजरमध्ये चढलो. तंबोरा वरच्या फळीवर, गळ्याला वारा लागू नये म्हणून मफलर, पाकीट छातीशी. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या एक आजी उठल्या.

"या, बसा हितं."

"अहो, राहू द्या, तुम्हीच बसा."

"तुमच्यासारक्यानं उबं ऱ्हायाचं व्हय?"

तुमच्यासारख्यानं! ऐकलंत? म्हणजे फळीवरचा तंबोरा यांनी ओळखला. कलेची कदर अजून शिल्लक आहे, मंडळी! मी बसलो. सुट्टीवर निघालेल्या एका फौजीने थर्मासमधला चहा दिला, कुणी मोसंबं सोलून दिलं.

"कवापासनं हाय ह्ये?" आजींनी हळूच विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"घरच्यास्नी सोसतंय का?"

"कसलं सोसतंय! दार लावून घेतात."

आजींनी डोळ्यांना पदर लावला. माझाही ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला माझं दुःख कळलं होतं!

बाहेर उसाचे तुरे उन्हात डुलत होते. गाडी पाळण्यासारखी हलत होती. मला समोर भरलेली मैफल दिसायला लागली, पहिल्या रांगेत चक्क बायको! डोळे आपोआप मिटले आणि मी हलकेच षड्ज लावला.

मग कपाळावर एक खरखरीत, मायेचा हात आला.

"लय दुखतंय का रं, लेकरा?"

फौजी उठलाच. "काका, सातारला रिक्षात बसवून देतो तुमाला. फोटू बगून डाक्टर काय म्हनलं?"

मी पाकिटाकडे पाहिलं. मफलरकडे पाहिलं. मोसंब्याकडे पाहिलं. आणि फळीवरचा तंबोरा दाखवत पाकिटातून तारा बाहेर काढल्या. मग काय, अख्खा डबा हसला!

आजीही हसल्या. मग म्हणाल्या, "मालकास्नी दवाखान्यात ठिऊन आलिया. पोरगा हाय जवळ. तुजं तोंड बगून वाटलं, माज्यापरास तुजं जड हाय."

मला भडभडून आलं.

"आजारी न्हाईस न्हवं? मग ऊठ की आता!"

उठलो. आजी बसल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "आन ती वस्तू हिकडं. वर धक्कं बसत्यात तिला."

गोधडीतला तंबोरा त्यांच्या मांडीवर आडवा झाला. आजी त्याला थोपटत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला राहवेना. म्हटलं, "आजी, तुमच्यासाठी एखादा अभंग म्हणू?"

"नगं बाबा," आजी म्हणाल्या. "ह्यो बग कसा गुमान झोपलाय. तू बी तसाच गुमान उबा ऱ्हा."